टायर एकाच बाजूनं झिजतोय? अलायमेंटच्या आधी गाडीखाली बघा

अंबाजोगाईच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे. त्यांची पाच सीटची छोटी गाडी साडेपाच वर्षांची, ६२,००० किमी चाललेली. पुढचे दोन्ही टायर ११,००० किमीपूर्वी नवे टाकले. परवा पंक्चर काढताना दुकानदारानं दाखवलं, की डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे आणि बाहेरची कड जवळजवळ नव्यासारखी आहे. उजवा टायर ठीक आहे. मधल्या काळात तीन वेळा अलायमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) केली, तिन्ही वेळा मशीनवर आकडे हिरवे, म्हणजे कंपनीच्या मर्यादेत. गेल्या पावसाळ्यात मांजरसुंबा घाटाच्या अलीकडं एका खड्ड्यात डावं चाक जोरात आदळलं होतं. हल्ली ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढते. अलायमेंटवाला म्हणतो टायर खराब निघाला, टायरवाला म्हणतो अलायमेंट नीट झाली नाही. आता काय करायचं?

सर, नवा टायर आत्ताच टाकू नका. टाकलात तर तोही दहा-अकरा हजारांत असाच जाईल. टायर खराब निघालेला नाही, आणि अलायमेंटवाल्यानं तुम्हाला फसवलं असंही मला वाटत नाही. तुम्ही दिलेली लक्षणं एकत्र वाचली तर माझं बोट सगळ्यात आधी डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशवर, म्हणजे चाक धरणाऱ्या हाताच्या रबरी सांध्यावर जातं, आणि त्यानंतर डाव्या स्ट्रटवर, म्हणजे चाकावरच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खांबावर. का, ते सविस्तर सांगतो. लातूरला अठ्ठावीस वर्षं मी सस्पेन्शन आणि स्टेअरिंगचंच काम करतो. "मिस्त्री, गाडी टायर खायली बघा" असं म्हणत येणारा माणूस बहुतेक वेळा आधी दोन-तीन अलायमेंटचे पैसे घालवून आलेला असतो. लोकांचे कष्टाचे पैसे असे रस्त्यावर घासले जाताना बघवत नाहीत, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

माझे वडील शेतकरी. बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, एका अंगानं झिजायला लागली, की लोहाराकडं नवी धाव चढवायला जाण्याआधी ते कणा (आस) आणि तुंबा (चाकाचा मधला गड्डा) बघायचे. कण्यावर चाक लडबडतंय तोवर नवी धावही तशीच झिजणार, हे त्यांना ठाऊक होतं. मोटारीत सांधे जास्त आहेत, पण हिशेब तोच आहे. अलायमेंटचं मशीन चाकाचा कोन मोजतं. ज्या सांध्यांवर ते चाक उभं आहे तेच ढिले असतील, तर मोजलेला कोन गाडी रॅम्पवरून खाली उतरेपर्यंतच खरा.

आधी टायर वाचायला शिका. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड बाहेरून दिसते. तसं केल्याशिवाय ती दिसतच नाही. बाहेरची नक्षी चांगली दिसते, माणूस निर्धास्त राहतो आणि आतून तारा उघड्या पडलेल्या असतात. मोबाईल खाली धरून फोटो काढला तरी चालतो. तुमच्या टायरची तार कुठंही दिसत असेल तर हे उत्तर पुढं वाचायच्या आधी स्टेपनी लावा. तसल्या टायरवर शाळेपर्यंतसुद्धा जाऊ नका.

मग तळहात टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेनं हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेनं करवतीच्या दातांसारखं टोचतं, असं असेल तर ती टोची चूक आहे. टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची तोंडं एकमेकांकडं वळलेली आहेत की एकमेकांपासून फाकलेली. आत वळलेली तर टो-इन, फाकलेली तर टो-आउट. टो-इन जास्त झाला की बाहेरच्या कडा जातात, टो-आउट झाला की आतल्या. एका कडेला झीज आहे, पण हाताला दोन्ही दिशांनी सारखंच गुळगुळीत लागतं, तर कॅम्बरवर संशय घ्यायचा. कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक आत किंवा बाहेर किती कललेलं आहे. दोन्ही कडा गेल्या आणि मधला पट्टा उंच राहिला तर हवा कमी होती. मधला पट्टा गेला तर हवा जास्त होती. टायरभर ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडले असतील आणि गाडीतून घूं-घूं आवाज येत असेल, तर शॉकॲब्सॉर्बर मेलेले आहेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. एकाच जागी चपटा डाग म्हणजे कधीतरी करकचून ब्रेक मारून चाक घासटलं.

डोळ्यावर विसंबू नका. खोली मोजायचा छोटा गेज स्वस्तात मिळतो. आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजून वहीत लिहा. कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिमी खोल असते आणि १.६ मिमीला टायर कायद्यानं संपतो. खाचांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, त्या याच खोलीच्या. नक्षी झिजून पट्टीच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा.

आता तुमच्या केसमधली सगळ्यात बोलकी गोष्ट. झीज एकाच टायरला आहे. नुसता टो चुकलेला असता तर दोन्ही पुढच्या टायरच्या आतल्या कडा गेल्या असत्या. कारण गाडी सरळ चालवताना तुम्ही नकळत स्टेअरिंग अशा जागी धरता, की टोची चूक दोन्ही चाकांत वाटली जाते. म्हणून "टो सेट केला, आता बघा" या उत्तरावर समाधान मानू नका. एकाच चाकाची एकच कड जाते तेव्हा त्या बाजूचं काहीतरी वाकलेलं असतं, नाहीतर सुटलेलं.

टोची चूक किती महाग पडते तेही सांगतो, कारण अर्धा अंश ऐकायला फार लहान वाटतो. चाक अर्धा अंश तिरपं असेल तर दर किलोमीटरला ते साडेआठ मीटरच्या वर आडवं घासत जातं. शंभर किलोमीटरला साडेआठशे मीटर. अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन यायचं म्हटलं, तर तेवढ्यात टायर तीन किलोमीटरच्या वर आडवा फरफटला. बैलाला आडवं बांधून गाडी ओढायला लावल्यासारखं आहे ते. डिझेल-पेट्रोल जातं ते वेगळंच.

लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या बाजूला चेसीशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणारे दोन रबरी बुश, एक पुढं आणि एक मागं. मागचा बुश सहसा मोठा असतो. ब्रेक दाबला, खड्डा लागला, की चाक मागं ढकललं जातं, आणि ती ढकल हाच बुश झेलतो. त्याचं रबर आतून फाटलं तरी उभ्या गाडीत काही कळत नाही, कारण गाडीच्या वजनानं आर्म आपल्या जागी बसलेला असतो. मशीन मोजतं ते याच स्थितीत. आकडे हिरवे येतात आणि ते खोटे नसतात. गाडी रस्त्याला लागली, ब्रेक पडला, की आर्म काही मिलिमीटर मागं सरकतो आणि चाक फाकतं. डावं चाक डावीकडं तोंड करतं म्हणून गाडी डावीकडं ओढते, आणि आतली कड घासते. तुमची दोन्ही लक्षणं एका बुशात बसतात ती अशी. खड्ड्यात आदळणं हे निमित्त. साडेपाच वर्षांच्या उन्हानं रबर आधीच कडक झालेलं असणार. इंजिनचं ऑइल गळून त्याच बुशावर पडत असेल तर रबर फुगून आणखी लवकर जातं, तेही बघून घ्या.

घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. सपाट, मोकळ्या जागी एकजण गाडीत बसवा. त्यानं पहिल्या गिअरमध्ये गाडी हातभर पुढं घेऊन ब्रेक दाबायचा, मग रिव्हर्समध्ये हातभर मागं आणि परत ब्रेक. तुम्ही बाजूला दोन पावलं लांब उभे राहून चाक आणि मडगार्डची कड यांच्यातलं अंतर बघा. डावं चाक ब्रेकसरशी मागंपुढं हललेलं नुसत्या डोळ्यांना दिसलं, आणि उजवं तसं हललं नाही, तर बुश गेला असं समजा. "टक्" असा आवाजही बऱ्याचदा येतो.

गॅरेजमध्ये याची खात्री टॉमी (लोखंडी पहार) लावून होते. गाडी उचलून आर्म आणि चेसीच्या मधे टॉमी घालून रेटतात आणि रबर कुठं उघडतंय ते बॅटरीच्या उजेडात बघतात. डावं बघितलं की लगेच उजवंही बघायला सांगा, कारण फरक तुलनेतच कळतो. त्याच वेळी चाक वर-खाली म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. खेळ म्हणजे ढिलेपणा लागला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवायचं. तिथं खेळ लागला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा रॅकच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या दातेरी दांड्याच्या, आतला सांधा. ही तपासणी पाच-सात मिनिटांची आहे. ती न करता जो थेट चाकाला अलायमेंटचे क्लॅम्प लावतो, त्याच्याकडून गाडी परत घेऊन या. आणि घरी स्वतः चाक उचलणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालू नका. मागच्या चाकांना दगड, चेसीखाली स्टँड, मगच खाली वाकायचं. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

बुश ठणठणीत निघाले तर दुसरा संशयित स्ट्रट. तुमच्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात शॉकॲब्सॉर्बर आणि चाक सरळ एकमेकांना बोल्टनं जोडलेले असतात. खड्ड्याच्या दणक्यानं स्ट्रट किंवा नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा लोखंडी भाग) किंचित वाकलं की चाकाचा माथा आत झुकतो, कॅम्बर उणे होतो आणि आतली कड गुळगुळीत व्हायला लागते. इथंच ग्राहकाला न सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर कंपनीनं फिरवण्याजोगा ठेवलेलाच नसतो. फिरवता येतो तो फक्त टो. म्हणून अलायमेंटवाला टो हिरवा करतो आणि कॅम्बर लाल असला तरी "ते ॲडजस्ट होत नाही साहेब" म्हणून सोडून देतो. त्याचं वाक्य खरं आहे. पण ॲडजस्ट होत नाही म्हणजेच तो आपोआप बिघडायला नको होता. बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय, आणि ते शोधायचं.

तुमच्याकडं तिन्ही वेळच्या अलायमेंटचे प्रिंट असतील तर काढून बघा. डाव्या आणि उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा, म्हणजे ३० मिनिटांपेक्षा (कोनाची मिनिटं, साठांचा एक अंश) जास्त फरक दिसला तर मी ती गाडी नुसता टो सेट करून सोडणार नाही. चांगल्या मशीनवर एसएआय नावाचा आणखी एक आकडा येतो, स्टेअरिंग ज्या तिरप्या अक्षाभोवती वळतं त्याचा कल. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज दोन्ही बाजूंना करून बघा. कॅम्बर उणे असेल तर तो वजा करायचा. बेरीज सारखी आली, पण कॅम्बर वेगळा, तर स्ट्रट-नकल सरळ आहेत आणि वरचं माउंटिंग किंवा खालची सबफ्रेम (आर्म ज्यावर बसतात ती चौकट) जागेवरून सरकली आहे. बेरीजच वेगळी आली तर स्ट्रट किंवा नकल वाकलं आहे. एवढा एक हिशेब केला की अंदाजपंचे पार्ट बदलायची वेळ येत नाही. मी हे उशिरा शिकलो. सुरुवातीच्या काळात उदगीरच्या एका कुटुंबाच्या गाडीला मी स्ट्रट बदलून दिला आणि दोष होता सरकलेल्या सबफ्रेममध्ये. त्यांचे गेलेले पैसे मी परत दिले, पण ती गोष्ट अजून मनात आहे.

तिसरी शक्यता, जी ब्रेकच्या ओढीमुळं तपासावीच लागेल, ती कॅलिपरची, म्हणजे ब्रेकच्या चकतीला पकडणाऱ्या भागाची. डाव्या-उजव्या ब्रेकची पकड सारखी नसेल तरी गाडी एका बाजूला ओढते. पंधरा-वीस किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवा, थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या. टेकवू नका. एक रिम दुसऱ्यापेक्षा उघड जास्त तापलेली असेल तर त्या बाजूचा कॅलिपर अडकलेला असू शकतो. याचा आतल्या कडेच्या झिजेशी संबंध नाही, पण दोन दोष एका गाडीत असू शकतात.

मशीनविना टोचा अंदाज घ्यायची जुनी रीतही सांगून ठेवतो. तालुक्याच्या ठिकाणी मशीन आली नव्हती तेव्हा आम्ही याच्यावरच गाड्या सोडायचो. पुढचं चाक उचलून फिरवायचं आणि नक्षीच्या मधोमध खिळ्यानं किंवा खडूनं गोल रेघ मारायची. दोन्ही चाकांना अशी रेघ मारून गाडी खाली सोडायची, चार-पाच मीटर पुढं ढकलायची म्हणजे सस्पेन्शन बसतं. आता चाकाच्या मध्याच्या उंचीवर, समोरच्या बाजूनं, दोन रेघांमधलं अंतर मोजायचं. मागच्या बाजूनं टेप लावायला इंजिन आडवं येतं, तिथं ओळंबा सोडून फरशीवर खूण करायची आणि खुणांमधलं अंतर मोजायचं. पुढचं अंतर कमी तर टो-इन, जास्त तर टो-आउट. बहुतेक छोट्या गाड्यांचा नेमका आकडा शून्याच्या आसपास, एखाद-दोन मिलिमीटर इकडं-तिकडं असतो. तुमच्या टेपवर आठ-दहा मिलिमीटर फरक आला तर मशीनची वाट बघायची गरज नाही.

दोष काढून झाला, की मग अलायमेंट. बुश, आर्म, टाय रॉड, स्ट्रट, रॅक यातलं काहीही उघडलं की ती करावीच लागते. तिथं उभं राहून करून घ्या, चहा प्यायला जाऊ नका. आधी चारही टायरची हवा कंपनीच्या आकड्यावर. डिक्कीत सोयाबीनचं पोतं किंवा लग्नाचं सामान असेल तर बाहेर. मशीनमध्ये तुमच्याच गाडीचं मॉडेल निवडलंय का ते बघा. दुसऱ्या मॉडेलचा हिरवा रंग तुमच्या कामाचा नाही. क्लॅम्प लावल्यावर गाडी थोडी मागंपुढं करून किंवा चाक फिरवून रिमचा वाकडेपणा वजा करतात, ती पायरी गाळू देऊ नका. जॅकवरून गाडी खाली घेतल्यावर ती दोन-तीनदा दाबून बसवल्याशिवाय घेतलेला आकडा चुकीचा. पहिल्यांदा मागच्या चाकांचा आकडा बघायचा, कारण पुढची चाकं मागच्या चाकांच्या दिशेला सरळ करायची असतात. तुमच्या गाडीचा मागचा ॲक्सल बहुधा एकसंध बीम असेल. तो फिरवता येत नाही, पण वाकला असेल तर प्रिंटवर दिसतो, आणि मग स्टेअरिंग सरळ ठेवलं तरी गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते.

टो सेट करताना स्टेअरिंग सरळ लॉक करून दोन्ही बाजूंचे टाय रॉड फिरवायचे असतात. घाईत एकच रॉड फिरवतात आणि मग वाकडं झालेलं स्टेअरिंग व्हील उचकटून सरळ बसवून देतात. हे होऊ देऊ नका. त्यात एअरबॅग असते, आणि रॅकचा मध्यही हलतो. शेवटी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे असलेला प्रिंट घ्या. फक्त नंतरचा प्रिंट म्हणजे अर्धी गोष्ट.

बॅलन्सिंग आणि अलायमेंट यांत बऱ्याच जणांची गल्लत होते. ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं तो बॅलन्सिंगचा किंवा वाकलेल्या रिमचा प्रश्न, अलायमेंटनं तो जात नाही.

आपल्याकडच्या रस्त्यांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण दुखण्याचं मूळ तिथंच आहे. मराठवाड्यातले बरेच रस्ते काळ्या रानातून गेलेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. गाडी वेगानं गेली की सस्पेन्शन सतत वरखाली होतं, बुशांना विश्रांती नाही. दुसरं म्हणजे साइडपट्टी. एकपदरी रस्त्यावर समोरून ट्रक आला की डावी चाकं डांबराखाली उतरतात. डांबराची कड कुठं चार बोटं, कुठं वीतभर उंच. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले की दिवसातून दहा वेळा हे करावं लागतं. परत वर चढताना लोक वेगातच, कडेला जवळजवळ समांतर ठेवून चाक घासत वर घेतात. टायरची बाजू आणि टाय रॉड दोन्ही त्यानं मार खातात. आमच्याकडं येणाऱ्या गाड्यांत डावीकडचे टाय रॉड आणि डावे आर्म जास्त गेलेले असतात, ते उगाच नाही. गाडी अगदी हळू करा, शक्य तर थांबवा, कडेला जरा जास्त तिरपं करून एकेक चाक वर घ्या. मागं हॉर्न वाजवणारे वाजवू देत. आणि खड्डा चुकवताच येत नसेल तर त्यात जाईपर्यंत ब्रेक लावून ठेवू नका. आधी वेग कमी करा आणि चाक खड्ड्यात पडायच्या क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं आणि सगळा दणका आर्मवर येतो.

हवेबद्दल. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा आहे. माणसं भरल्यावरचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. सकाळी निघण्याआधी भरा. हवेचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण दीड ते दोन पीएसआयनं वाढतो. मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या दुपारी, तापलेल्या टायरमध्ये जास्त आकडा दिसला म्हणून हवा सोडून देतात, ते चूक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेचा निघतो, दोन्ही कडा झिजतात, आणि समृद्धी महामार्गावर तासाला १२० च्या वेगानं निघालात तर तो तापून फुटायचा धोका असतो. नायट्रोजन भरलात तरी हवा तपासायची सुटका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

राहिला टायर घ्यायचा प्रश्न. डाव्याची आतली कड गुळगुळीत आहे म्हणजे तो गेला. उलटा करून रिमवर बसवू म्हणणारा कुणी भेटेल, ऐकू नका. उजव्याची खोली मोजा. सगळीकडं ५ मिमीच्या वर असेल तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, त्याच मापाचा एकच नवा टायर त्याच्या जोडीला चालेल. त्याहून कमी असेल तर जोडच घ्या. पण त्याआधी मागचे दोन बघा. ते गाडीबरोबर आलेले असतील तर साडेपाच-सहा वर्षांचे आहेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे; २३२० म्हणजे २०२० चा २३ वा आठवडा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर नक्षी शिल्लक असतानाच तडकतं. कडेला बारीक भेगा दिसल्या किंवा कुठं फुगा आला असेल तर ते काढा. आणि जोड नवा घेतलात तर तो मागं टाका, पुढं नाही. सगळ्यांना उलटं वाटतं, पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ते घरच्या माणसाला सावरता येत नाही.

तर क्रम असा धरा: या आठवड्यात ब्रेकची ती हातभर मागंपुढं चाचणी, मग गॅरेजमध्ये टॉमी लावून दोन्ही आर्म, जुन्या प्रिंटवरचे कॅम्बर, मग दुरुस्ती, मग टायर आणि सगळ्यात शेवटी अलायमेंट. बुश बदलताना एक लक्षात ठेवा. बुशांचे मुख्य बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नयेत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन आर्मवर आल्यावरच शेवटचा आवळ द्यायचा. नाहीतर नवं रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. मिस्त्रीला हे आधीच सांगून ठेवा.

त्यानंतर पुढच्या दोन्ही टायरची खोली आत, मध्ये, बाहेर मोजून तारीख आणि किलोमीटर टाकून लिहा. दोन हजार किलोमीटरनी परत मोजा. आतली आणि बाहेरची कड सारखी उतरत असेल तर काम झालं, यापुढं दर आठ-दहा हजारांनी मागचे टायर पुढं आणि पुढचे मागं टाकत राहा. आतली कड तेवढ्यातच अर्धा मिलिमीटर जास्त गेली असेल, तर ते आकडे आणि दोन्ही प्रिंट घेऊन लातूरला या. मी गाडीखाली जाऊन स्वतः बघतो.